तो पंजा खुराकाचा नव्हता

माझा धाकटा भाऊ हातकणंगल्याकडच्या एका पैलवानाच्या ढाक डावानं आंधळा झाला, असं शिवाजी पेठेत आजही सांगतात. ते खोटं आहे. ते मी चालू दिलं.

तालमीत त्याला मीच घडवलं. पंचविशीनंतर माणसाची वाढ थांबते, त्याचे पंजे मात्र रुंदच होत गेले. चपला दरसाल मोठ्या करून घ्याव्या लागल्या, बोटातली अंगठी कापून काढली. जबडा पुढं आला, दातांत फटी पडल्या. मी थंडाईत बदाम वाढवले आणि येईल त्याला त्याचा हात धरून दाखवायचो, "बघा पावणं, खुराक कसा लागलाय!"

आई म्हणायची, "अरं, ह्यो माझ्या पोरासारखा दिसंना झालाय." आम्ही दोघं भाऊ हसायचो.

मग डोकं दुखायला लागलं. एका मैदानाला लंगोट कसता कसता तो म्हणाला, "दादा, कडंचं दिसंना झालंय. समोरचं तेवढं दिसतंय."

"लढायचं समोरच्याशीच हाय न्हवं? का कडंची माणसं मोजत बसणार हायस?"

तो आखाड्यात उतरला. समोरचा, म्हणजे हातकणंगल्याकडचा तो पैलवान, बाजूनं शिरला आणि त्यानं ढाक मारली. ह्याला तो दिसलाच नव्हता. हा मानेवर पडला.

दवाखान्यात तपासणीत गाठ निघाली. डॉक्टरांनी मला एकट्याला बसवून सांगितलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिथली एखादी पेशी बिघडते आणि वाढत सुटते, पण इतकी हळू, की वर्षानुवर्षं कळत नाही. ह्याच्या गाठीनं वाढीचं हार्मोन जास्त सोडलं, म्हणून हातपाय, जबडा वाढला. मग ती वर वाढून डोळ्यांच्या नसा दाबू लागली. अशात कडेची नजर आधी जाते.

"पडल्यानं नाही झालं," ते म्हणाले. "खुराकानंही नाही. आधी आणला असता तर नजर वाचली असती."

नाकातून ऑपरेशन केलं, तोवर समोरचंही दिसेनासं झालं होतं. गेलेली नजर परत आली नाही.

पेठेत मी एवढंच म्हणालो, "लय वाईट आपटलं त्याला." बाकीचं लोकांनी जोडलं. त्या पैलवानाशी लढायला कुणी जोड देईना. त्यानं कुस्ती सोडली.

परवा त्याच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. तो म्हशीची धार काढत होता. उठला नाही.

"मला कशाला सांगताय, पावणं? मी हुतोच की तितं. पेठंत सांगा."

म्हणून हे लिहिलं. धाकट्याला वाचून दाखवायचं अजून राहिलंय.