हेरोदाचे व्याही

नाताळ संपल्यावर चर्चच्या बाकांखालून केरसुणी फिरवली की काय काय निघतं. करंजीचा मोडका कान, देवदूताच्या पंखाचा चमकता कागद, कुणाची तरी कानटोपी. आणि दरवर्षी एखादा किस्सा. केर टाकून देता येतो, किस्सा टाकवत नाही. माझ्याकडं इतके साठलेत की घरचे विचारतात, "तू चर्चला प्रार्थनेला जातेस की हे गोळा करायला?" मी म्हणते, दोन्हीला. उपदेश लांबला की दुसऱ्याला.

आमचं चर्च कोल्हापुरातलं. म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा झाल्याशिवाय येशूचा जन्म पूर्ण झाला असं न मानणारं. त्यात माझं काम नाताळचं नाटक लिहायचं. शाळेत असताना मला निबंधात बक्षीस मिळालं होतं, ते आईनं महिला मंडळात सांगितलं, आणि मी जन्माची लेखिका झाले. तेव्हापासून सगळे मला 'लेखिकाबाई' म्हणतात, आणि म्हणताना थोडंसं हसतात. गोष्ट दरवर्षी तीच, शेवट सगळ्यांना पाठ, तरी नाटक नवीन पाहिजे. मग मी गेल्या वर्षीचंच काढते आणि जिथं 'बाळ' असेल तिथं 'अर्भक' घालते.

* * *

आमच्याकडं नाटकात एकदा काम मिळालं की मिळालं. मरिया तेवढी बदलते, तीही लग्न ठरलं की. योसेफाचे केस गेले, तरी योसेफ तोच. तसे आमचे दावीदमामा हेरोद.

हेरोद म्हणजे तो राजा, ज्यानं येशू जन्मल्याचं ऐकलं आणि आपली गादी जाईल ह्या भीतीनं बेथलेहेमातली सगळी तान्ही बाळं मारायचा हुकूम दिला. मामा शाळेत पीटीचे सर. छाती तालमीतली, मिशा भरघोस. त्यांनी मैदानात 'सावधान' म्हटलं की रस्त्यावरचा रिक्षावाला ब्रेक मारतो. एका वर्षी ठरलेला हेरोद तापानं पडला, म्हणून मामांना आयत्या वेळी उभं केलं. मामांनी आवाज लावला, "बेथलेहेमात एकही बाळ जिवंत राहता कामा नये!" तशा पुढच्या बाकावरच्या आया पोरं उचलून बाहेर गेल्या. त्या दिवशी नेमणूक कायम झाली.

माणूस मात्र असा, की कवायतीत मुंग्यांची रांग आडवी आली तर पोरांना उजवीकडं वळवणारा. दर डिसेंबरला माझ्याकडं यायचे.

"लेखिकाबाई, औंदा तरी मेंढपाळ द्या की. बोलणंबी नको. कोकरू धरून गप हुबा ऱ्हातो."

मी जेकबकाकांना विचारायची. जेकबकाका आमच्या कमिटीचे प्रमुख, आणि चर्चचं कुलूपसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय उघडत नाही. ते म्हणायचे, "मेंढपाळ कोणपण हुईल. हेरोद देवाची देणगी असावी लागती."

* * *

आता ड्रेसची गोष्ट. आमच्या गावात सिनेमे निघायचे, त्यामुळं ड्रेपरीवाल्यांकडं कपडे भाड्यानं मिळायचे. पण ते सगळे ऐतिहासिक. त्यांना सांगितलं, "पूर्वेकडचे ज्ञानी पाहिजेत." त्यांनी तीन सरदार दिले. "मेंढपाळ पाहिजेत." मावळे दिले, ढालींसकट.

पहिल्या रंगीत तालमीत देवदूत आला, म्हणाला, "भिऊ नका." मेंढपाळांनी कंबरेत वाकून मुजरा केला. अंगावर कपडेच तसे, हात आपोआप जातो.

आमचे धर्मगुरू पाळकसाहेब म्हणाले, "अरे, देवदूताला मुजरा कुठं करतात?"

त्यातला एक मेंढपाळ म्हणाला, "साहेब, वरनं आलाय. मान नको द्यायला?"

पाळकसाहेबांनी जरा विचार केला आणि मुजरा राहू दिला. अजून आहे.

मामांसाठी ड्रेपरीवाल्यानं न विचारताच काळा अंगरखा काढून ठेवला. मामा म्हणाले, "दुसरा रंग दावा की." तो म्हणाला, "सर, तुमास्नी ह्योच शोभतोय. मी बघितलंय तुमचं काम. आमची पोरगी दोन दिवस जेवली न्हाय."

* * *

एका वर्षी जेकबकाकांच्या डोक्यात आलं, गोठा खरा पाहिजे. म्हणून कडबा आणला, उसाचा पाला आणला, आणि शेजारच्या गल्लीतनं एक रेडकू आणलं. कोल्हापुरात गोठा म्हटलं की म्हैस. गाय कुणाच्या मनातही आली नाही.

मी माझं शिक्षण दाखवलं. म्हटलं, "बेथलेहेमात म्हशी होत्या का?"

सगळ्यांनी पाळकसाहेबांकडं बघितलं. त्यांनी बायबल उघडलं, पानं चाळली, मिटलं. म्हणाले, "नव्हत्या असं कुठं लिहिलेलं नाही."

नाटक सुरू झालं. ज्ञानी लोक सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन येईपर्यंत रेडकानं गव्हाणीतला पाला संपवला होता आणि योसेफाच्या उपरण्याला सुरुवात केली होती. योसेफ भला माणूस. मरियेला धीर द्यायचं वाक्य त्यानं एका हातानं उपरणं ओढत म्हटलं. लोकांना ते फार आवडलं. म्हणाले, "संसार असाच असतोय."

* * *

मामांचं खरं दुखणं वेगळंच होतं. पोरं त्यांना बघून पळायची. नाताळच्या आधी आम्ही घरोघर गाणी म्हणत फिरतो, प्रत्येक घरी फराळ असतो. मामा दारात दिसले की आतलं पोर आईच्या पदराखाली. काही आया तर जेवायला घालताना सरळ सांगायच्या, "खातोस, का बोलवू हेरोदाला?"

मामांच्या बायकोला, सगुणामामीला, हे फार लागायचं. तिनं एक वर्ष जोर लावून त्यांना नाताळबाबा करवलं. लाल झगा, पांढरी दाढी, पाठीवर खाऊची पिशवी. चेहरा कणभर दिसत नव्हता. पोरं आनंदानं धावली, अंगावर चढायला लागली, खाऊसाठी ढकलाढकली सुरू झाली. आणि मामांच्या तोंडातनं सवयीनं गेलं, "रांगेत! उंचीप्रमाणं!"

एक चिमुरडी ओरडली, "दाढीत हेरोद हाय!"

मैदान रिकामं. मामा पिशवी घेऊन तसेच उभे. मामीला म्हणाले, "आता ह्यो खाऊ आपुनच खायाचा का?"

* * *

आता बाळाचं. आमच्याकडं गव्हाणीत बाहुली चालत नाही. मंडळीत जे बाळ सगळ्यात शेवटी जन्मलं असेल, त्याचा मान. ह्यावरनं घराघरांत चुरस. एका सुनेचे दिवस नेमके नाताळात भरत होते, तर तिच्या सासूनं पाळकसाहेबांना विचारलं, "नाटक दोन दिवस पुढं ढकलायला जमंल का?"

एका वर्षी मात्र चुरस नव्हती, कारण बाळच एक होतं. दावीदमामांच्या लेकीचं, रिबेकाचं. रिबेकानं हातकणंगल्याकडच्या एका मुलाशी लग्न केलं होतं. घर हिंदू, शेतीचं, दुधाच्या धंद्याचं. लग्न रजिस्टर, दोन्हीकडचं कुणी फार बोललं नाही, आणि मुलाच्या आईबापांनी आमच्या गल्लीत कधी पाय ठेवला नाही. मग रिबेका बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, आणि तिकडचा बर्फ वितळला. निरोप आला, नाताळला येतो. नात घेऊन जातो. ती पोरगी एव्हाना मामांच्या खांद्याशिवाय झोपत नव्हती, ते सोडा.

कमिटी बसली. जेकबकाका म्हणाले, "पण मुलगी हाय."

सगुणामामी म्हणाली, "कुंचीत काय दिसतंय तुमास्नी?"

जेकबकाकांनी घसा साफ केला. "आणि बाळाचे वडील आपल्यातले न्हाईत."

पाळकसाहेब एरवी भांडणात पडत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "काका, बाळाच्या वडिलांवरनं चर्चा काढली तर हे नाटकच बंद करावं लागेल."

बाळ पास झालं. तसे मामा उठले.

"बाळ घ्या. खरं मला ह्यातनं सोडवा. इवाई पहिल्यांदा येणार. त्यास्नी मी सांगितलंय, राजाचं काम करतोय म्हणून. लई खूश झाल्यात. आता ती माणसं पुढं बसून काय बघणार? पोरीचा बाप त्यांच्याच नातीला मारायचा हुकूम देतोय. पोरीला त्या घरात नांदायचं हाय, काका."

"नाटक हाय म्हणून सांगा की."

"पहिली भेट हाय. नाटक कुटलं आन खरं कुटलं, ते दुसऱ्या भेटीला सांगता येतंय."

खोटं नव्हतं. मग दुसरा हेरोद शोधायचं ठरलं. पुढं आला सॅमसन. नाव बायबलातल्या पैलवानाचं, पण वजन जेमतेम त्या बायबलसकट भरेल एवढं, आणि नोकरी बँकेत. त्याला म्हटलं, हुकूम दे. सॅमसन खाली बघत म्हणाला, "सदर बाळांच्या बाबतीत योग्य ती कारवाई व्हावी."

त्याला शिपाई केला.

मी एक युक्ती काढली. हुकूमच बदलला. हेरोदानं म्हणायचं, "त्या अर्भकाची चौकशी करा." जेकबकाकांनी ते वाक्य पाळकसाहेबांना दाखवलं. पाळकसाहेब गंभीर झाले. "शास्त्रवचनात बदल करता येत नाही." हेच ते, म्हैस पास केलेले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझं निम्मं लेखन असंच झालंय.

मामा काळा अंगरखा पिशवीत घालून घरी घेऊन गेले.

* * *

नाताळच्या संध्याकाळी व्याही आले. जीपमधनं, बरोबर दुधाचा कॅन. व्याही म्हणाले, "चर्चमध्ये चहा हुईल सगळ्यास्नी." विहीणबाईंच्या डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, चपला दारात काढलेल्या. त्यांनी क्रुसाला हात जोडले, पेटीला जोडले, आणि मधे आले म्हणून जेकबकाकांनाही जोडले. जेकबकाका विरघळले. स्वतः त्यांना पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. नेमकं माझ्या शेजारी. मी तिथूनच वाक्यं पुरवते.

"इवाई कुटं हाईत?" विहीणबाईंनी विचारलं.

"येतील. राजा शेवटी येतो."

"व्हय तर. राजा लगेच कशाला येतोय?"

मुजरा झाला, सरदार सोनं-ऊद देऊन गेले. नात गव्हाणीत शांत झोपलेली. विहीणबाई दर वाक्याला मान हलवत होत्या. मग जेकबकाकांच्या हौसेची हलगी कडाडली, पडदा बाजूला झाला, आणि सिंहासनावर काळ्या अंगरख्यात मामा. मिशा पिळलेल्या, हातात तलवार, नजर जमिनीवर.

"आलं बगा इवाई," विहीणबाई नवऱ्याला म्हणाल्या. "काय शोभतंय!"

हलगीनं बाळ जागं झालं. आधी कुरकुर, मग सूर, मग असा टाहो की पेटीवाल्यानं पट्टी बदलली. मरिया कॉलेजातली पोरगी, ती बाळाला लांबूनच थोपटायला लागली. योसेफानं गव्हाण हलवली, ती करकरली. बाळ काळंनिळं. मागच्या बाकावरनं रिबेका उठली, पण मधे सगळी मंडळी.

मामा सिंहासनावरनं उठले. तलवार काखेत मारली. आमचं जेरुसलेम आणि बेथलेहेम, म्हणजे राजवाडा आणि गोठा, एकाच सतरंजीवर. मामा सरळ गोठ्यात गेले. मेंढपाळ भिऊन बाजूला झाले. मामांनी बाळ उचललं, खांद्यावर टाकलं, आणि थोपटत थोपटत परत सिंहासनावर येऊन बसले.

बाळाचा एक हुंदका. मग काही नाही.

आणि सॅमसनची एन्ट्री. महिनाभर घरी आरशासमोर आवाज कमावला होता बिचाऱ्यानं. टाचा आपटल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा गर्जला, "महाराज! बाळांचं काय करायचं? हुकूम द्या!"

मी सवयीनं वाक्य पुरवलं, "बेथलेहेमात एकही बाळ…"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग पहिल्या बाकाकडं. मग ओठांवर बोट ठेवलं.

"हळू की, मर्दा. आत्ता डोळा लागलाय."

सॅमसननं इकडंतिकडं बघितलं. हळूच विचारलं, "मग… जाऊ का, महाराज?"

"जा. आन जाताना त्या हलगीवाल्याला गप बसीव."

सॅमसन चवड्यांवर चालत गेला. जेकबकाकांनी कपाळाला हात लावला. पाळकसाहेब वर छताकडं बघत होते.

विहीणबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि नवऱ्याकडं वाकल्या.

"ह्येंच्या देवाच्या टायमाला राजंसुदिक किती चांगलं हुतं बगा."