वर उघडणारी दारं

माझ्या धाकट्या दिराला गाडीची दारं वर उघडायला हवी होती. बाजूला उघडणारी दारं कोणाच्याही गाडीला असतात, असं त्याचं म्हणणं. तसली गाडी यवतमाळात दारव्हा नाक्यावर उभी केली तर कोणी मान वळवून पाहत नाही, आणि कोणी पाहत नसेल तर गाडी घेतली कशाला? हा प्रश्न त्यानं मला आमच्याच घरी, मी केलेला चहा पीत विचारला.

"मंग बसनंच फिरा ना, वयनी," तो म्हणाला. "बसमंधी काय वाईट हाय?"

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे. लोक शपथ घेऊन जे काही बोलतात ते दिवसभर टिपून घेते, त्यामुळे काहीही ऐकलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही ही सवय झालेली आहे. त्या दिवशी मात्र तो हलला असावा, कारण माझा नवरा घाईघाईनं म्हणाला, "बिस्कीट घे रे."

सासरे जिल्हा परिषदेत कारकून होते. घरात पहिली नोकरी त्यांची. त्यांनी दोन्ही मुलांना आणि मुलीला शिकवलं. थोरला, म्हणजे माझा नवरा, बँकेत लागला. नणंद बोरी अरबला दिली, तिथे तिच्या नवऱ्याचं कृषी केंद्र आहे. धाकट्यानं पदवी अर्ध्यात सोडली आणि प्लॉट विकायला लागला. शहराबाहेर कुठेतरी चार दगड रोवायचे, मोठं फाटक उभं करायचं आणि फाटकावर फाटकाहून मोठं नाव लावायचं. फाटकाच्या आत रस्ता नाही, पाणी नाही. त्याला फाटकांचं वेड आधीपासूनच होतं, असं आता मागे वळून पाहताना वाटतं.

नागपूरहून त्यानं एक जुनी सेडान आणली आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये नेऊन टाकली. शेडचा मालक पूर्वी ट्रॉल्या बनवायचा. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून तो आता स्वतःला डिझायनर म्हणवून घ्यायला लागला होता. दोघांचं चांगलं जमलं. एकाला काही येत नव्हतं आणि दुसऱ्याला ते कळत नव्हतं.

गाडी तयार झाली तेव्हा तो आम्हा सगळ्यांना पाहायला घेऊन गेला. झगझगीत जांभळा रंग. काचांना काळी फिल्म. पुढची दोन दारं रिमोटचं बटन दाबलं की आधी जराशी बाहेर यायची आणि मग घुरघुरत वर जायची, उन्हात पंख वाळवत बसलेल्या पाणकावळ्यासारखी. मागची दोन दारं दिसेनात. मी शोधायला लागले.

"मागची दारं वेल्डिंग करून बंद केली," शेडवाला अभिमानानं म्हणाला. "स्पोर्ट्स लुक येते मॅडम."

"आणि हँडल?"

"हँडल काढूनच टाकले. आतून बी अन् बाहेरून बी. चावीचं छिद्र बी भरून टाकलं. पूर्ण प्लेन. सगळं रिमोटवर."

माझ्या सासूबाई दाराखाली उभ्या होत्या. गुडघे दुखणारी, शुगरची गोळी घेणारी, अंगानं भरलेली बाई. दिरानं पुढची सीट वाकवली आणि आईला मागे बसायला सांगितलं. त्या आधी एक पाय घालून पाहत होत्या, मग तो काढून दुसरा घालत होत्या. शेवटी त्या पाठमोऱ्या बसल्या आणि आम्ही दोघींनी, मी आणि दिराच्या बायकोनं, म्हणजे जाऊबाईंनी, त्यांचे पाय उचलून आत ठेवले.

"अन् म्या उतरू कुठून रे?" आतून आवाज आला.

"म्या हाओ ना माय. म्या उतरवतो तुले."

तो फोटो काढत होता.

नणंदेच्या मुलीचं लग्न मे महिन्यात बोरी अरबला ठरलं. भाची पुसदला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. शांत, पण कामाची पोरगी. तिला साधं लग्न हवं होतं: विहारासमोर मांडव, वंदना, परिणय, जेवण. मामानं मात्र जाहीर करून टाकलं की नवरी त्याच्या गाडीतून येईल. मांडवाच्या तोंडाशी गाडी थांबेल, धूर सुटेल, गाणं लागेल, दारं वर जातील आणि नवरी उतरेल. वरून ड्रोन शूटिंग करेल. गाडीत नवरीसोबत आजीही असेल, म्हणजे चित्र भावनिक होईल. 'भावनिक' हा शब्द त्यानंच वापरला.

भाची मला म्हणाली, "मामी, मले नाही बसायचं त्यात."

"मग सांग त्याला."

"आई म्हणते मामाचं मन मोडू नोको."

आमच्या घरात त्याचं मन फार जपलं जातं. लहानपणी त्याला टायफॉइड झाला होता, तेव्हापासून. त्या टायफॉइडला तीस-पस्तीस वर्षं होऊन गेली, पण घरातल्या बायकांच्या लेखी त्याचा ताप अजून उतरलेला नाही.

लग्नाच्या दिवशी मी नवऱ्यासोबत आमच्या गाडीतून आधीच मांडवात पोचले. बारा वाजायला आले होते. हवा इतकी तापलेली की मांडवातले कूलर नुसती वाफ फेकत होते. जांभळी गाडी आली आणि मांडवापासून थोडी अलीकडे, उन्हात थांबली. दीर उतरला. पांढरा कोट, पांढरे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. उतरल्याबरोबर त्यानं आपलं दार रिमोटनं खाली आणून बंद केलं, कारण दोन्ही दारं एकदमच वर गेली पाहिजेत, नाहीतर मजा नाही.

तेवढ्यात कळलं की नवरदेवाकडची मंडळी अजून यायची आहेत.

"थांबू मंग," दीर म्हणाला. "ते आल्याशिवाय एंट्री कराले काही अर्थ नाही."

इंजिन त्यानं बंद केलेलं होतं. समोरची जाळी काढून तिथे चकचकीत पत्रा लावल्यापासून ते उभ्या गाडीत दहा मिनिटं चालू राहिलं की तापायचं. इंजिन बंद म्हणजे एसी बंद. गाणं मात्र चालू होतं, चाकांखालचे निळे दिवेही चालू होते. भर दुपारच्या उन्हात ते निळे दिवे कोणाला दिसणार होते, ते त्यालाच ठाऊक.

मी त्याच्याजवळ गेले. "भाऊजी, आईंना आणि तिला बाहेर काढा. सावलीत बसू द्या."

"अवो वयनी, मंग एंट्रीचं काय?"

"आत भट्टी झाली असेल."

"पाचच मिनिटं. ड्रोनवाला सेट करून राह्यला."

मी ऐकलं. एवढी माणसं, त्यात नणंदेच्या सासरची, म्हणून वाद घातला नाही आणि मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं गाणं आधी घसा बसल्यासारखं झालं आणि मग बंदच पडलं. निळे दिवे विझले. दिरानं रिमोट दाबला. एक बारीकसा कट् आवाज आला. पुन्हा दाबला, तेव्हा तोही आला नाही.

मग काळ्या काचेवर आतून हात आपटायला लागले.

मी धावत गेले. काचेला चेहरा लावल्यावर भाची अंधूक दिसली. ती पुढच्या सीटवरून मागे गेली होती आणि ओरडत होती, "मामी, आजी बोलत नाही! घाम येणं बंद झालं तिले!"

नर्स आहे ती. काय बोलते ते तिला कळत होतं, आणि म्हणून मलाही कळलं: उष्माघात.

"दार उघडा," मी दिराला म्हणाले.

"बॅटरी गेली वाट्टे. जंपर लावतो ना. कोणाची गाडी हाय रे इथं?"

कोणीतरी गाडी आणली, वायर आणली. मग लक्षात आलं की बॅटरी बॉनेटखाली आहे आणि बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत. दिरानं शेडवाल्याला फोन लावला. शेडवाला म्हणाला, बंपरखाली एक तार ठेवलेली आहे, ती ओढली की दार सुटते. दीर पांढऱ्या कोटात उन्हात आडवा झाला, चाचपडला. त्या बंपरवर नंतर आणखी एक नकली बंपर चढवलेला होता. तार त्याच्यामागे गेली होती.

"काच फोडा," मी म्हणाले.

तो जमिनीवरून उठून बसला. "नाही नाही नाही! काच नोको वयनी. ह्या काचा मिळत नाहीत. फिल्म स्पेशल हाय."

त्याची आई आत होती. मी ते त्याला सांगितलं नाही. सांगायची गरज पडावी असा तो प्रसंग नव्हता. मांडववाल्यांचा खुंट्या ठोकायचा घण एका खांबाशी पडला होता. मी तो उचलला. जड होता. नऊवारी, गजरा, हातभर बांगड्या अशा अवतारात मी तो ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर मारला. पहिल्यांदा नुसता घसरला. दुसऱ्यांदा काच चुरा होऊन फिल्मसकट आत पडली आणि आतली हवा माझ्या तोंडावर आली. तव्यावरून यावी तशी.

काच फुटली तरी दार उघडेना, कारण आतून उघडायला काही ठेवलेलंच नव्हतं. मग माझा नवरा आणि नणंदेचा नवरा खिडकीतून अर्धे आत वाकले. भाचीनं आतून आजीला उचलून पुढच्या सीटवर आणलं. तिच्या शालूवर काचेचे कण, कपाळावरून कुंकवासारखं काहीतरी ओघळत होतं. ते रक्त होतं, पण थोडंच. सासूबाईंना खिडकीतून काढताना त्यांचं पांढरं लुगडं अडकलं, फाटलं, गुडघ्याच्या वर गेलं. मी मांडवातल्या खुर्चीवरची चादर त्यांच्या पायांवर टाकली आणि जमलेल्या माणसांना म्हणाले, "तिकडे तोंड करा." बहुतेकांनी केलं. ड्रोन वर फिरतच होता.

नवरी शेवटी स्वतःच्या हातांनी खिडकीतून बाहेर आली. तिनं आजीला सावलीत आडवं केलं, ओले टॉवेल मागवले, काखेत आणि मानेवर ठेवले, पायाखाली उशी घातली, नाडी धरून बसली. कूलर त्यांच्याकडे वळवला. गावातले डॉक्टर आले, सलाईन लागलं. बऱ्याच वेळानं सासूबाईंनी डोळे उघडले आणि पहिला शब्द बोलल्या तो धाकट्याच्या नावाचा.

तो जवळच होता. रडतही होता, हे मी सांगायला हवं. पण रडता रडता मला म्हणाला, "वयनी, दोन मिनिटं दम खाल्ला असता तं तार सापडली असती."

मी त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत कोर्टात फार लोकांना मी तसं पाहिलेलं नाही.

नवरदेवाची मंडळी आली तेव्हा नवरी बाहेर खाटेशी बसलेली होती, कपाळाला पट्टी लावून. तिनं नवरदेवाला सांगितलं, "आजीचा बीपी नॉर्मल येऊ द्या, मंग उभी राह्यते." तो बिचारा तिच्याशेजारी वारा घालत बसला. त्या एका गोष्टीवरून मला तो आवडला. ऊन उतरायला लागलं तेव्हा वंदना झाली, परिणय झाला. सासूबाईंनी खाटेवर पडूनच फुलं टाकली.

ड्रोनचा व्हिडिओ तालुकाभर फिरला. त्यात जांभळी गाडी आहे आणि घण उगारलेली मी आहे. कोर्टात एक वकील अजूनही मला 'घणवाल्या मॅडम' म्हणतात, आणि साहेबांसमोर म्हणाले तरी मी नाराज होत नाही.

मला वाटलं होतं, आता तरी हा शहाणा होईल. महिनाभरात गाडी पुन्हा लोहाऱ्याच्या शेडमध्ये गेली. नवी काच बसली, मोठी बॅटरी बसली. आता तो सांगतो की दोष दारांचा नव्हताच, बॅटरी लहान होती. ऐकणारे मान डोलावतात. त्यातल्या दोघांनी त्याच्याकडे प्लॉट बुक केले, असं जाऊबाई सांगत होत्या.

सासूबाई तेव्हापासून त्या गाडीत बसलेल्या नाहीत. तो येतो, दारं वर करतो, म्हणतो, "चाल माय, दवाखान्यात नेतो." त्या म्हणतात, "नोको रे बापा, मले एसीनं सर्दी होते." आणि मग माझ्या गाडीत बसतात. माझ्या गाडीतही एसी लावलेला असतो.

परवा रस्त्यात मी विचारलं, "आई, त्याला खरं का नाही सांगत? भीती वाटते म्हणून?"

"काहून सांगू?" त्या म्हणाल्या. "त्याले वाईट वाट्टे."

"वाटू द्या की."

आर्णी रोडच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुले त्याचा लय राग हाय."

"राग नाही आई," मी म्हणाले. "राग माणसाचा येतो."

त्यांनी माझ्या हातावर चापट मारली, बऱ्यापैकी जोरात. मग सिग्नल सुटला आणि त्यांनी हात लांब करून माझ्या गाडीचा एसी बंद केला.