झोपलेलं मशीन उघडू नये

कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे स्क्रू. मशीन खोलून परत जोडलं की एक-दोन उरतातच, कुठले ते देव जाणे. दुसरे किस्से. स्क्रू आम्ही बरणीत टाकायचो. किस्से टाकायला बरणी नव्हती, म्हणून ते माझ्या डोक्यात राहिले.

परवा मित्रांत बसलो होतो. एकजण म्हणाला, "आताच्या लॅपटॉपचं झाकण पाडलं की झोपतो, उघडलं की जिथे होतो तिथून सुरू. काय सोय आहे यार!"

मी म्हटलं, बाबांनो, ही सोय उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये आम्ही आणली! थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

लोडशेडिंगचे दिवस होते ते. दुकान माझं आणि हरेशचं भागीदारीत. हरेश कॅम्पातलाच सिंधी, जिभेवर साखर. मी बदलापूरचा, हाताने बरा. आणि आमच्याकडे कामाला वैशाली होती, अंबरनाथची. पुढचे सगळे किस्से खरं म्हणजे तिचेच आहेत.

* * *

वैशाली पहिल्या दिवशी आली ती वडिलांना घेऊन. वडील केमिकल कारखान्यात फोरमन. बौद्ध कुटुंब, घरात शिक्षणाला पहिला मान. पोरीने डिप्लोमा केलाय तर तिला पक्की नोकरी लागावी, ही त्यांची साधी अपेक्षा. त्यांनी आमच्या टीचभर दुकानावर नजर फिरवली आणि विचारलं, "प्रॉव्हिडंट फंड आहे?"

हरेश म्हणाला, "चहा आहे, काका!"

काका हसले नाहीत. वैशालीला म्हणाले, "वर्षभर बघतो. नाही जमलं तर बँकेच्या परीक्षेला बसायचं." नातेवाइकांना ते सांगायचे, "मुलगी दुकानात बसते." हे वाक्य वैशालीला फार लागायचं. ती म्हणायची, "दादा, मी बसते कुठे? दिवसभर उभीच असते की!"

गिऱ्हाईकंही तशीच. आत आली की हिच्या डोक्यावरून पलीकडे बघायची. "मॅडम, मेकॅनिक किधर है?"

वैशाली शांतपणे सांगायची, "लंच को गया है. तब तक मैं खोल के देखती हूँ." तोवर मशीन चालू झालेलं असायचं. आमचा मेकॅनिक पहिलं वर्षभर लंचलाच होता!

* * *

गोपालशेठचा जीन्सचा कारखाना आमच्या मागच्या गल्लीत. पँटच्या मापांची ड्रॉइंग ते कॉम्प्युटरवर करायचे आणि वीज गेली की अर्धं ड्रॉइंग मातीमोल. यूपीएस होता, पण दहा मिनिटांचा. एवढ्यात माणूस घाबरतो फक्त.

वैशालीने त्यांना हायबरनेट शिकवलं. "शेठ, मशीनच्या डोक्यात या घडीला जे जे आहे ते सगळं ते डिस्कवर उतरवून ठेवतं आणि मग बंद होतं. वीज आली की डिस्कवरून वाचून परत डोक्यात घेतं. माउसचा बाणसुद्धा होता तिथेच."

शेठचा विश्वास बसेना. त्यांनी मशीन झोपवलं, प्लग उपटला, वर पाच मिनिटं हाताची घडी घालून उभे राहिले. मग प्लग लावून चालू केलं. पँटचा पाय जिथे थांबला होता तिथेच!

पुढचं डोकं मात्र शेठचं स्वतःचं. त्यांची बहीण अंबरनाथला. तिथली वीज जायची वेळ वेगळी. कॅम्पातली वीज जायच्या आधी शेठ मशीन झोपवायचे, कॉम्प्युटरचा डबा कपड्यात गुंडाळायचे आणि शेअर रिक्षाने बहिणीकडे. तिथे मॉनिटर ठेवलेला होताच. डबा लावला की ड्रॉइंग पुढे चालू. तिथली वीज जायच्या आत परत झोपवून कॅम्पात. एक पँट दोन गावांत मिळून तयार व्हायची!

एकदा रिक्षावाल्याने हटकलं, "सेठ, ये डब्बा सीट पे बैठा है, इसका भी भाडा लगेगा."

शेठ म्हणाले, "अरे, सोया हुआ है बेचारा. आधा टिकट ले!"

* * *

आता एक चूक. लपवायची नाही, कारण पुढचा मान त्याच चुकीतून मिळाला.

गोपालशेठनी एकदा मशीन रॅम, म्हणजे त्याचं डोकं, वाढवायला पाठवलं. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. हरेश म्हणाला, "बंद आहे." खोललं, नवीन रॅम बसवली, झाकण लावलं. चालू केलं तर मशीन अडून बसलं! ते बंद नव्हतं, झोपलं होतं. झोपताना डोकं एवढं आणि उठताना दुप्पट, तर जुनं काही जुळेना. शेवटी झोपेत ठेवलेलं सगळं टाकून द्यावं लागलं. शेठचं सकाळपासूनचं ड्रॉइंग गेलं.

हरेशने मला म्हटलं, "सांगू की वीज वर-खाली झाली?" लोडशेडिंगच्या दिवसांत हे कोणालाही पटलं असतं.

वैशाली मध्येच म्हणाली, "चूक आपली आहे, तर आपलीच सांगायची." ती स्वतः गेली, शेठना सरळ सांगितलं आणि त्यांच्या शेजारी बसून माप वाचत वाचत ते ड्रॉइंग परत काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी निरोप पाठवला. आम्हाला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. निरोप असा होता: "यापुढे माझं मशीन मॅडमच उघडणार. हरेशने फक्त चहा सांगायचा."

वैशालीने पुठ्ठ्यावर मार्करने लिहून भिंतीवर लावलं: झोपलेलं मशीन उघडू नये. आधी उठवा, मग उघडा.

* * *

बदलापूरच्या एका शाळेचे मुख्याध्यापक जुना कॉम्प्युटर घेऊन आले. साफ करून मुलांच्या लॅबमध्ये ठेवायचा होता. बोलता बोलता म्हणाले, "प्रिलिमचा पेपर मी यावरच टाईप केला, पण काळजी नाही. फ्लॉपीवर केला, फ्लॉपी घरी कपाटात, कपाटाला दोन कुलुपं. मशीनमध्ये काहीच ठेवलं नाही."

"सर, तुम्ही नाही ठेवलं," वैशाली म्हणाली, "मशीनने ठेवलं असेल."

तिने समजावलं. डोक्यात जागा कमी पडली की मशीन थोडं सामान डिस्कच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवतं. त्या कोपऱ्याला स्वॅप म्हणतात. काम झालं तरी ते तिथलं झाडून काढत नाही. सर हसले. "बाई, मी पंचवीस वर्षं पेपर काढतोय."

वैशालीने स्वॅप उघडला. सगळा कचरा, चिन्हं, आकडे. खाली खाली जात ती थांबली आणि वाचायला लागली, "प्रश्न दुसरा, अ. कोणतेही तीन सोडवा."

सरांनी खुर्चीचा हात धरला. "हे... हे पोरांना सापडलं असतं?"

"शोधलं तर सापडलं असतं, सर."

सरांनी पुढे वाकून पडद्यावरचा प्रश्न स्वतः वाचून बघितला. मग म्हणाले, "ज्याला सापडेल त्याला पेपर न लिहिताच पास केलं पाहिजे!" तरी त्यांनी पेपर नवा काढला. पुढे शाळेतली सगळी मशिनं आमच्याकडेच आली. चिठ्ठीवर नाव असायचं वैशालीचं. दुकानाचं नाव सरांना शेवटपर्यंत पाठ झालं नाही.

* * *

त्या प्रकारानंतर वैशालीला कुलुपाचं वेडच लागलं. स्वतःच्या मशीनवर लिनक्स होतं, ते झोपतानाही सगळं सामान स्वॅपमध्येच ठेवायचं. त्याच्या स्वॅपला तिने असं कुलूप लावलं की दर वेळी मशीन चालू होताना नवीन चावी बनायची आणि बंद होताना ती चावी नष्ट व्हायची. कोणालाच वाचता येणार नाही! दिवसभर ती नुसती ऐटीत होती.

संध्याकाळी वीज जायच्या आधी सवयीने मशीन झोपवलं. सकाळी उठवायला गेली, तर सगळं सामान त्या कुलपाआड आणि चावी झोपतानाच नष्ट!

हरेश म्हणाला, "वाह साईं! चावी आत आणि मालकीण बाहेर!"

वैशालीला हसूही येईना आणि रडूही. "इतकं सुरक्षित झालंय हरेशभाई, की मीच चोर ठरले." दुपारपर्यंत तिने ते बदलून कायमच्या पासवर्डचं कुलूप केलं, म्हणजे उठताना मशीन पासवर्ड विचारणार आणि मगच उघडणार.

गेलेल्या सामानात काय होतं? बँकेच्या परीक्षेचा अर्ज, टाईप करून झालेला, न छापलेला. मुदत त्याच दिवशी संपत होती. वडिलांचा दुकानावर फोन आला, "अर्ज केलास?"

"केला होता, बाबा. कुलपात आहे."

ती चूक होती की आणखी काही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

* * *

पुढे काकांचा कारखाना बंद पडला. घरी बसून माणूस खंगायला लागला. वैशालीने जुने भाग जोडून त्यांना एक मशीन करून दिलं, स्वतःच्यासारखंच लिनक्स, पासवर्डचं कुलूप आणि लिहायला साधा मराठी एडिटर टाकला आणि सांगितलं, "बाबा, तुम्ही नुसतं लिहा. झोपवलं की सगळं जसंच्या तसं राहतं." काका वस्तीतल्या वाचनालयाची हकीगत लिहायला लागले. पत्र्याच्या शेडपासून ते दोन मजल्यांपर्यंत, कोणी विटा वाहिल्या, कोणी पुस्तकं मागून आणली. म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन विचारायचं, घरी येऊन एका बोटाने टाईप करायचं. वीज जायची वेळ झाली की मशीन झोपवायचं. फोरमन माणूस, भोंगा वाजल्यासारखा वेळेवर.

तरी लोकांना सांगताना तेच. "मुलगी दुकानात बसते."

आठ महिन्यांनी एका रविवारी सकाळी काका मशीन छातीशी धरून दुकानात आले. "काल झोपवताना कटकट आवाज येत होता."

वैशालीने विचारलं, "फाईल कुठल्या नावाने ठेवलीय?"

"कसली फाईल?"

काकांनी आठ महिन्यांत एकदाही सेव्ह केलं नव्हतं! सगळी हकीगत रोज मशीनच्या डोक्यातून स्वॅपमध्ये आणि स्वॅपमधून डोक्यात, एवढीच. आणि आता ती मरायला टेकलेल्या डिस्कवर झोपली होती. सांगणाऱ्यांपैकी दोन म्हातारे दरम्यान वारले होते. परत विचारणार कोणाला?

हरेश म्हणाला, "चालू करून पटकन सेव्ह कर."

"नाही." वैशालीचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "उठताना डिस्क बसली तर संपलं. अर्धवट उठलं तर दुसऱ्यांदा उठत नाही. आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल, मग त्या नकलेवरून उठवायचं. हरेशभाई, मला हीच डिस्क हवी, याच कंपनीची, एवढीच."

हरेशने कॅम्प तीनचा सगळा बाजार पालथा घातला, रविवारी बंद दुकानांची शटरं वाजवली आणि तीच डिस्क आणली. सबंध दिवस नक्कल चालली होती. कुठे अडायची, ती परत वाचायला लावायची. काका स्टुलावर बसून होते. जेवायला उठले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लेकीला काम करताना बघितलं.

संध्याकाळी उजेड असतानाच तिने नवी डिस्क बसवली आणि बटण दाबलं. मशीनने पासवर्ड मागितला. काकांनी आमच्याकडे पाठ केली, कीबोर्डवर हात आडवा धरला आणि एका बोटाने टाईप केला. मशीन विचारात पडलं.

पान आलं! शेवटचं वाक्य अर्धं होतं आणि पुढे कर्सर लुकलुकत होता. हरेश नाचायला लागला. वैशालीने आधी सेव्ह केलं, मग सीडीवर घेतलं, मग आणखी एका सीडीवर. मग ती बापावर उखडली.

"बाबा, आठ महिने! एकदा तरी सेव्ह करावंसं वाटलं नाही? गेलं असतं सगळं!"

काका गोंधळून म्हणाले,

"तूच म्हणाली होतीस ना, झोपवलं की सगळं जसंच्या तसं राहतं? तू सांगितलंस म्हटल्यावर मी परत कशाला बघू?"