रेषेबाहेरचा एक बिंदू

आमच्या सासऱ्यांइतका हट्टी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि हे मी सून असूनही कौतुकानं सांगतेय. शाळेतून निवृत्त झालेले सावेडीतले बाकीचे मास्तर सकाळी फिरायला जातात. नाना डबा घेऊन राहुरीच्या कृषी विद्यापीठाला जाणाऱ्या एसटीत बसू लागले. बासष्टाव्या वर्षी पीएच.डी.! विषय काय, तर उसाचा रस ज्याच्यामुळे काळा पडतो ते विकर, म्हणजे एन्झाइम. त्याला खाद्य किती दिलं की त्याचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो, एवढा एक आकडा त्यांना हवा होता. त्यासाठी वेग मोजायचा तो सुरुवातीच्या काही सेकंदांतलाच, कारण पुढे खाद्य सरत जातं आणि विकर मंदावतं. हे डोक्यात इतकं बसलं, की भाजीचाही निकाल पहिल्या घासाला लागायचा. रसवंतीत ग्लास समोर ठेवून स्टॉपवॉच लावायचे. मालक एकदा वैतागलाच, "सर, रस प्यायचा हाय का नुसता बघायचा हाय?" नाना म्हणाले, "पिऊन टाकला तर बघू काय?"

आलेखावर सगळे बिंदू शहाण्यासारखे रेषेवर बसले. फक्त सर्वांत कमी खाद्याच्या बिंदूत वेग कमी भरायचा. नानांहून वीस वर्षांनी लहान असलेले मार्गदर्शक म्हणाले, "सर, तो गाळा. मुदत संपत आली." नाना म्हणाले, "गाळणार नाही. त्याचं काहीतरी म्हणणं असेल." महिनाभर रोज तीच मोजणी. बिंदू तसूभर हलला नाही.

एकदा नाना डबा विसरले म्हणून तो द्यायला मी प्रयोगशाळेत गेले. नानांनी काचनळीत विकर सोडलं, नळी यंत्रात बसवायला लागले, तर ती खाचेत जाईना. बोटं थरथरत होती. नळी बसल्यावर त्यांनी घड्याळ सुरू केलं.

"नाना, रंग तर आधीच यायला लागला होता," मी चाचरत म्हणाले.

त्यांनी घड्याळ थांबवलं. मग म्हणाले, "खाद्य थोडं असलं की नळी बसेपर्यंतच्या सेकंदांतच निम्मं संपतं. बिंदू खरं बोलतोय गं. हात म्हातारा झालाय. आता तू कर."

मी केलं, त्यांनी घड्याळ धरलं. पाच वेळा. बिंदू रेषेवर आला, आकडा मिळाला.

प्रबंधात मोजणीच्या तक्त्याखाली त्यांनी लिहिलं, "शेवटच्या ओळीतल्या नोंदी माझ्या हातच्या नाहीत, त्या माझ्या सुनेनं घेतल्या आहेत." मार्गदर्शकांनी ते काढायला सांगितलं, नानांनी ठेवलं. ते वाक्य वाचताना मला अभिमान वाटतो आणि रडूही येतं. हल्ली नाना चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघते.