सूर्यमास्तर आणि उघड्या तोंडाची भट्टी

अकोल्याच्या उन्हाला शिव्या न देणारा एकच माणूस मी पाहिला. ते आमचे सूर्यमास्तर. उन्हाळ्यात सकाळची शाळा असे, पण दहा वाजताच पत्रे तापून वर्गात बसवत नसे. मास्तर व्हरांड्यात थांबून टोपी काढत, वर बघत आणि आत येऊन म्हणत, "भट्टी चालू हाये. चला, आपणही कामाले लागू." त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर तेवढं होतं.

ते आम्हाला विज्ञान शिकवत. रशियाचा पहिला उपग्रह आकाशात गेला तेव्हा सारं गाव माना वर करून होतं. मास्तरही खूश होते, पण पुरते नव्हते. "हे रॉकेट म्हणजे रॉकेलचा स्टो," ते म्हणत. "चंद्रापर्यंत जाईल, पुढं दमेल. शनीकडं जायचं तर सूर्यातली आग सोबत नेली पाहिजे." मग ती आग कशी असते ते सांगत. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे कण एवढे दाबले जातात, एवढे तापतात, की एकमेकांत मिसळून जातात. त्यातून उष्णता निघते. माणसानं त्या आगीचा बॉम्ब केला, चूल मात्र अजून करता आली नाही. कारण तिला धरणारं भांडंच नाही. लोखंड घ्या, दगड घ्या, सगळं वितळतं. म्हणून चुंबकाच्या जोराची मूठ करून तिला अधांतरी धरायचं.

हे सांगताना ते कोटाच्या खिशातून रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, पुंजका काढत आणि कुणाच्या तरी हातात देत. "दाब. अजून दाब." कितीही दाबलं तरी रुई बोटांच्या फटीतून बाहेर येई. "हेच दुखणं हाये," मास्तर म्हणत. "इकडून धरली की तिकडून निसटते."

ती रुई बहुतेक वेळा माझ्याच घरून गेलेली असे. माझा बा कापसाच्या प्रेसमध्ये, रुई दाबून गाठी बांधतात तिथं, गठाणी उचलायचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी संध्याकाळी मास्तरांच्या घरी अभ्यासाला जायची, त्यांच्या लेकीसोबत, विमलसोबत. विमल माझ्याच वर्गात होती आणि गणितात माझ्या कितीतरी पुढं. मास्तरांची बायको वारलेली. घर त्यांची थोरली बहीण चालवायची. त्यांना सगळे आत्याबाई म्हणत.

एका संध्याकाळी मास्तर मला पुन्हा तीच मूठ समजावत होते. विमल देवापुढच्या वाती वळत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, निसटते तं निसटू द्या नं. सगळीकून नाही, एकाच बाजूनं. जिकडून ती बाहेर पडंल त्याच्या उलट रॉकेट जाईल."

मास्तर उठले. आतबाहेर फेऱ्या मारायला लागले. "चुलीचा जो दोष, तोच रॉकेटचा जोर! एक तोंड उघडं ठेवायचं! अवं बाई, ऐकलं का तू?" हे आत्याबाईंना. आत्याबाई म्हणाल्या, "ऐकलं. वाती कमी झाल्या, तेही पाहा."

त्यानंतर प्रत्येक वर्गाला मास्तर फळ्यावर एका बाजूनं उघडी भट्टी काढून दाखवत आणि सांगत, "हे आमच्या विमलले सुचलं."

मॅट्रिकला विमल शाळेत पहिली आली, मी तिच्या मागं. मास्तर स्वतः अमरावतीच्या कॉलेजात शिकलेले होते. तिथली प्रयोगशाळा चांगली, मुलींचं वसतिगृह होतं आणि आम्हा दोघींनाही प्रवेश मिळत होता. माझ्या बाला मात्र ते पटेना. मास्तर आमच्या वस्तीत आले. आमचं बौद्ध दीक्षा घेतलेलं घर. वरच्या आळीतलं कुणी आमच्याकडं बसत नसे. मास्तर बाजेवर बसले आणि मायला म्हणाले, "चहा कर वं बाई, गोड कर."

बा म्हणाला, "मास्तर, पोरगी काय गठाण हाये, गाडीत टाकून धाडून द्याले?"

"गठाण नाही म्हणूनच तं म्हणतो. तू जल्मभर रुई दाबून राहिला. सांग, चहूकून दाबलेली रुई कुठं जाते?"

"गोदामात."

"मंग एक तोंड उघडं ठेव नं भाऊ."

बानं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "इमल जाते नं? तं आमची सुमनही जाईल."

मास्तर हसले आणि "हो" म्हणाले. तेव्हा त्यांना ते खरंच वाटत होतं.

गाडीच्या दिवशी स्टेशनवर विमल आली ती माझ्यासाठी शिदोरी घेऊन. तिच्या हातात ट्रंक नव्हती. "आत्याबाई नाही म्हणते," ती म्हणाली. "बिनमायची पोरगी, परगावी ठेवली तं लोक काय म्हणतील." मास्तर बाजूला टोपी हातात धरून उभे होते. आमच्या घरी चहा पिताना ज्यांनी आळीची पर्वा केली नाही, त्यांना बहिणीचा शब्द मोडता आला नाही. गाडी हलली तरी त्यांनी टोपी डोक्यावर घातली नव्हती.

पुढच्याच वर्षी विमलचं लग्न झालं. शेंदूरजनाघाटचं घर, संत्र्याचे बगीचे, माणसं सुखवस्तू. लोक मास्तरांना नशीबवान म्हणाले.

मी शेवटच्या वर्षाला असताना होळीच्या आधी मास्तर अचानक वसतिगृहाच्या व्हरांड्यात येऊन बसलेले दिसले. हातात संत्र्यांची पिशवी आणि एक इंग्रजी मासिक. परदेशातले शास्त्रज्ञ सूर्याच्या आगीवरच्या रॉकेटचा विचार करत होते, आणि त्या लेखातल्या चित्रात भट्टीचं एक तोंड उघडं होतं. मास्तर ते दाखवायला विमलकडं गेले होते.

"काय म्हणाली, सर?"

"हात ओले हायेत म्हणे. ठेवा तिथं, बाबा."

"एवढंच?"

"एवढंच. बसची वेळ होईस्तोवर मासिक तिथंच पडून होतं. मंग मीच उचललं." त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "तुह्या बापाले सांगता आलं मले. घरात नाही सांगता आलं." मग संत्रं सोलायला घेतलं, पण अर्धवट सोलून तसंच ठेवलं.

त्यानंतर त्यांनी फळ्यावर रॉकेट काढणं बंद केलं, असं माझा धाकटा भाऊ सांगायचा. तो तेव्हा त्यांच्या वर्गात होता. मास्तर सूर्य शिकवत, मूठ शिकवत आणि तिथंच थांबत.

मी बी.एस्सी. झाले, अमरावतीच्या शाळेत नोकरीला लागले. मास्तर गेले तेव्हा माणूस अजून चंद्रावर उतरायचा होता. मी अकोल्याला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. आतल्या खोलीत विमल दिव्यासाठी वाती वळत होती. मी तिच्याजवळ बसले. वात वळता वळता ती म्हणाली, "सुमन, ते खरंच होऊ शकते का वं? म्या म्हटलं होतं ते?"

"होईल, विमल. वेळ लागेल. पण तसंच होईल."

तिनं बोटांतली रुई मुठीत दाबली.

"रॉकेट पुढं जाते, ते समजलं," ती म्हणाली. "पण त्याच्यासाठी जे मागं फेकलं जाते, ते कुठं जाते?"

मी विज्ञानाची पदवीधर होते. तरी मी फक्त तिचा हात हातात घेतला.

आज मी माझ्या वर्गातल्या मुलींना ते रॉकेट फळ्यावर काढून दाखवते. भट्टीचं एक तोंड उघडं ठेवते आणि सांगते, हे अकोल्याच्या विमलला सुचलं होतं. मग मागची ज्योत काढायला घेते. तिथं दरवेळी माझा खडू थांबतो.