परत आलेल्या चाफ्याचं अत्तर

माझा भाऊ पास्कल हातात घेतलेलं काम सोडेल तर शपथ! पापडी गावात आमची चाफ्याची वाडी आहे. बाजारात न खपलेली फुलं दुपारी टोपलीतून परत यायची आणि आम्ही ती खड्ड्यात ओतायचो. सगळं गाव तेच करतं. पण माझी वहिनी इझाबेल माणसं विसरायला लागली, नवऱ्याला ‘काका’ म्हणायला लागली, आणि हा एक पाकळी फेकू देईना.

“रिटा, परवा खड्ड्याजवळ ती थांबली,” तो मला म्हणाला. “वास घेऊन हसली. सुकलेल्या फुलात एवढं उरलंय, तर अर्कात किती असेल? मला एकदा ओळखलं तरी पुरे.”

“डोकं फिरलंय तुझं! डॉक्टरांनी हात टेकले, आणि तू अत्तर लावून बरी करणार?”

ऐकेल तर कसला! तांब्याचा हंडा आणला. शेजाऱ्यांचीही उरलेली फुलं गोळा केली. काळे पडलेले देठ खुडायचे, पाकळ्या पाण्यात उकळायच्या, झाकण कणकेने लिंपायचं. वाफ नळीतून गार पाण्याच्या पिंपातून जायची आणि पाणी होऊन बाटलीत थेंब थेंब पडायची. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग यायचा, तो कापसाने टिपायचा. पहिले दोन हंडे करपले. तिसरा जमला.

मनगटाला अत्तर लावून तो तिच्यासमोर उभा राहिला. इझाबेलने श्वास घेतला, चेहरा उजळला, आणि त्याच्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या बाकाकडे बघत ती म्हणाली, “पास्कल! कधी आलास?”

लग्नानंतर तिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. आमच्या पिढीत घेतच नसत.

“अगं, मी इथे आहे,” पास्कल म्हणाला.

“तुम्हाला नाही, काका.”

त्या दिवशी तो जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी हंडा पुन्हा चढला.

मग ती रोज बाकाशी गप्पा मारायला लागली. त्याच्यासाठी चहा ठेव म्हणाली. मी तिच्या समाधानासाठी ठेवला, आत जाऊन आले तर कप रिकामा. मांजर असेल, म्हटलं. पण मांजर माझ्याच ओट्यावर झोपलेलं होतं.

लग्नाआधी पास्कल कुंपणापलीकडून शीळ घालून तिला बोलवायचा. आता कवळी आहे, शीळ कसली घालतोय! एका दुपारी तीच शीळ वाडीतून आली. पास्कल माझ्या शेजारी बसून झाकण लिंपत होता. दोघांनीही ऐकली. त्याच्या हातातली कणीक खाली पडली.

“जेजू! फेकून दे तो हंडा,” मी ओरडले. “फादरना बोलव. तो बाकावरचा तिला घेऊन जाईल, मूर्खा!”

“ती हसते ना,” तो म्हणाला. मला राग इतका आला की त्याला दोन थोबाडीत द्याव्यात.

मागच्या रविवारी इझाबेल स्वतःच लाल लुगडं नेसून बाहेर आली. महिनोन् महिने तिला मी नेसवत होते. बाकाकडे बघून लाजली. मग पास्कलसमोर येऊन उभी राहिली.

“काका, पास्कल मागणी घालायला आलाय. मला न्यायचं म्हणतो. तुम्ही मोठे आहात. जाऊ का?”

मला रडू आवरेना. पास्कलने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“मुलगा चांगला आहे, बाय. तुला अंतर देणार नाही.” मग तो त्या रिकाम्या बाकाकडे वळला. माझ्या भावाने जन्मात कुणापुढे हात जोडले नव्हते, ते जोडले. “पण आमची मुलगी आहे ती, अशी लगेच नाही पाठवत कुणी. थोडे दिवस राहू दे आमच्याजवळ. मग ये.”

बाक करकरला, कुणी उठल्यासारखा. इझाबेलची नजर दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

“बरं म्हणाला,” तिने आम्हाला सांगितलं.