बाळकुमची मनीषा आणि कुमुदताईचा गाजलेला लेख

ठाण्याला निघाले तेव्हा अमरावतीत जो तो मला सांगत होता, "कुमुदताईला भेटून ये हो, फार मोठी बाई झालीय ती." जणू लहानपणी आम्ही एका ताटात जेवलोच नव्हतो!

कुमुदताई माझी मावसबहीण. नौपाड्यात राहते आणि आईबापांकडून मुलांकडे येणाऱ्या नसांच्या आजारांवर संशोधन करते. ऐंशीच्या दशकात तिने बाळकुमच्या एका कोळी कुटुंबावर लेख लिहिला. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पायांतली ताकद हळूहळू जाते. आता देशोदेशीचे शास्त्रज्ञ आपल्या लेखांत तिच्या लेखाचा दाखला देतात, आणि असे दाखले मोजून म्हणे शास्त्रज्ञाची पत ठरते. लेखाची प्रत मागणारी कार्डं माझ्यासमोरच टपालाने आली. मी त्यांवरची परदेशी तिकिटं न्याहाळत बसले.

"अगं, केवढं नाव झालं तुझं!"

"माझं झालं. त्या घराला काय मिळालं?" ताई म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मीही बाळकुमला निघाले. लेख वाचून परदेशातल्या एका प्रयोगशाळेने त्या कुटुंबाचं ताजं रक्त मागवलं होतं. आजाराचं मूळ नेमकं कुठे आहे, ते आता शोधता येणार होतं. रक्त मिळालं नाही तर ताईचं काम तिथेच थांबणार होतं.

रिक्षाने आम्हाला खाडीच्या अलीकडेच उतरवलं. कडेला तिवरं (खारफुटीची झाडं), दूरवर होड्या, आणि वाऱ्याला सुक्या मासळीचा वास. खाडी जवळून बघायच्या नादात माझी चप्पल चिखलात रुतली. ती काढताना मी कोपरापर्यंत माखले आणि ताई मात्र पोट धरून हसत उभी!

लेखातलं ते घर नामदेवरावांचं. ते पाय उंच उचलून धपकन टाकत दारापर्यंत आले. चेहरा कठोर होता, पण पाहुण्यांना उपाशी परत पाठवायची त्या घरात रीत नव्हती. आधी तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं (खेकड्यांचं) कालवण झालं. मी बोटं चाटत असतानाच भांडण सुरू झालं.

"रगत नाय देणार, बाई," नामदेवराव म्हणाले. "मागं तुमची गाडी दारात उभी राह्यली, आन घरात रोग हाय हे गावभर झालं. ठाकुर्लीच्या सोयऱ्यांनी लगीन मोडलं माझे पोरीचं."

ताईने सुया, बाटल्या पेटीत भरल्या. "तुमचं बरोबर आहे," एवढंच म्हणून ती उठली. मला तिचा राग आला. एवढ्या लांबून आलो, थोडी गळ तरी घाल!

तेवढ्यात आतून नामदेवरावांची मुलगी आली. मनीषा. तिचंच लग्न मोडलेलं.

"बाई, मला हाय का नाय, ते सांगाल?"

"पक्कं तपासणीनंतरच सांगता येईल. अंदाज आत्ताही येईल. पण आधी विचार कर, ऐकायचंय का तुला?"

"मोडायचं ते मोडलं. ऐकायचंच हाय."

"मग टाचांवर चाल. चवडे वर उचलून."

ओटीवर ती चालू लागली. डावा चवडा वर राहिला, उजवा खाली पडला. तिने पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिची आई पदर तोंडाशी धरून उभी होती. नामदेवराव खाडीकडे बघत राहिले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"म्हंजे हाय," मनीषा म्हणाली.

"हो, मला तसंच वाटतं." ताईने गोड बोलून झाकपाक केली नाही. ती मनीषाशेजारी जमिनीवर बसली.

मग मनीषानेच बाही वर केली. "घ्या रगत. पर जे कळेल ते पहिलं मला सांगायचं. मंग तुमचे परदेशवाल्यांना."

"शब्द देते," ताई म्हणाली. थोड्या वेळाने नामदेवरावांनीही हात पुढे केला.

अमरावतीला परतल्यावर मी सगळ्यांना खाडीबद्दल, चिंबोऱ्यांबद्दल भरभरून सांगितलं. कुमुदताईच्या लेखाचे दाखले जगभर देतात, हेही सांगितलं. मनीषाचं मात्र कुणाला सांगितलं नाही. दुपारी घरात कुणी नसताना मी स्वयंपाकघरात टाचांवर चालून पाहिलं. दोन्ही चवडे नीट उचलले गेले. केवढं हायसं वाटलं! आणि मग मनीषाचा खाली पडलेला चवडा आठवला, नि तिथेच ओट्याला टेकून मी रडले.